न गळणारं रॉकेट

नकाशेसाहेबांना कुठलीही वस्तू आहे त्या आकारात बघवत नसे. यात त्यांचा काही दोष नव्हता. सांडपाणी खात्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये त्यांची उभी हयात गेली होती. वरून आलेला वीतभर नकाशा घ्यायचा आणि टेबलभर मोठा करून खाली पाठवायचा, एवढंच त्यांचं काम. खालचे लोक त्यावर चहाचे कप ठेवत, तो भाग वेगळा. खरं नाव होतं काहीतरी, पण ते आता पगारपत्रकापुरतं उरलं होतं. ऑफिसात, इमारतीत आणि वाण्याच्या दुकानात सगळे त्यांना नकाशेसाहेब म्हणत, आणि ते ओ देत.

त्यांची दुसरी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकलेली बरी. नवी पाइपलाइन टाकली की तिचे सांधे तपासायला त्यांनाच पाठवत. लाइनीत पाणी भरायचं, दोन्ही टोकं बंद करायची, आणि प्रत्येक सांध्याखालून कोरडं बोट फिरवायचं. बोट ओलं झालं की सांधा नापास. नकाशेसाहेबांनी पास केलेला एकही सांधा आजवर गळला नव्हता. रस्ते खचले, पूल वाकले, दोन-तीन इंजिनिअर सस्पेंड झाले, पण सांधा गळला नाही. ही हकीकत ते कुणाच्याही घरी गेले की सांगत. ऐकणाऱ्याला त्यात रस आहे का हे बघत बसायची त्यांना सवय नव्हती.

त्यांच्या बायकोला सगळे 'बाई' म्हणत. बाई शाळेच्या प्रभारी मुख्याध्यापिका होत्या. प्रभारी म्हणजे काय, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. काम सगळं मुख्याध्यापकाचं, बोलणी सगळी मुख्याध्यापकाची, आणि पाटीवर नावाच्या आधी तो एक शब्द. पाटी पुसणारा शिपाईसुद्धा तो शब्द जरा जास्त घासून पुसायचा. बाईंना कायम करायचं की बाहेरून कुणी आणायचं, हे संस्थेचे अध्यक्ष ठरवणार होते. अध्यक्ष लोखंडाचे व्यापारी. बोलणं कमी आणि हसणं तर त्याहून कमी. ते म्हणाले, "विज्ञान प्रदर्शनाला येतो. मुलं काय शिकलीत ते बघतो आणि तिथेच सांगतो. फक्त ज्वालामुखी नको. दरवर्षी ज्वालामुखीच बघतोय मी."

म्हणून बाईंनी खेळण्यांच्या मोठ्या दुकानातून एक रॉकेटचा संच आणला. दीड फुटाचं रॉकेट, तीन टप्प्यांचं. खालचा टप्पा जळला की गळून पडतो, मग मधला पेटतो, तोही पडतो, आणि वरचा टप्पा सगळ्यात उंच जाऊन छत्री उघडून खाली येतो. बाई ते वर्गात मुलांकडून जोडून घेणार होत्या. त्यांची चूक एवढीच, की शाळेत नेण्याआधी त्यांनी तो डबा एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ठेवला.

नकाशेसाहेबांनी ते रॉकेट दोन बोटांत धरून दिव्यासमोर फिरवलं.

"एवढंसं?" ते म्हणाले. "मागच्या रांगेला काय दिसणार?"

"उडाल्यावर दिसेल की," बाई म्हणाल्या.

"उडाल्यावर तर आणखीनच दिसणार नाही. अध्यक्षांचं वय काय, नजर काय. त्यांना वाटेल डास गेला. मी मोठं करून देतो."

"अहो, नको. आहे ते चांगलं आहे."

"सहापट," नकाशेसाहेब म्हणाले. त्यांच्या लेखी बोलणं तिथेच संपलं होतं.

तोपर्यंत त्यांनी मापं घेण्यासाठी ते छोटं रॉकेट उघडलंही होतं. सगळे भाग टेबलावर मांडले, एकेकाचं माप कागदावर उतरवलं, आणि मग लक्षात आलं की ते काही पुन्हा जुळत नाही. एक पंखही कुठेतरी गेला. तो बहुधा चपातीच्या डब्यात गेला असावा, पण खात्रीने सांगता येत नाही. बाईंनी टेबलाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि भांडी घासायला गेल्या. परतीचे दोर कापले गेलेत हे त्यांना कळून चुकलं.

मग सामान गोळा करणं सुरू झालं. अंगासाठी कापडवाल्याकडून कापड गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या. कापडवाल्याने विचारलं, "पडद्यासाठी का?" नकाशेसाहेब म्हणाले, "रॉकेटसाठी." कापडवाला म्हणाला, "मग ही घ्या, ही जास्त टिकाऊ आहे," आणि तीच नळी दिली. पंखांचं काम कोपऱ्यावरच्या सुताराला दिलं. सुताराने चार दिवसांनी असे पंख आणले, की त्यांवर स्वयंपाकघरातले सगळे डबे मांडता आले असते.

"फारच जाड झालेत हो," नकाशेसाहेब म्हणाले.

"पन्नास वर्षं काही होणार नाही बघा," सुतार म्हणाला.

"अहो, याला उडायचंय."

सुताराने विचार केला. "मग पंचवीस वर्षं धरा."

रंधा मारून, घासून, पुन्हा रंधा मारून ते पंख पंखांच्या जातीत आणले. सहापट रॉकेटाला पुरतील अशी तयार इंजिनं खेळण्यांच्या दुकानदाराने मागवून दिली. रॉकेटाची छत्री म्हणून पावसाळी छत्रीचं कापड काढलं. छत्री शेजाऱ्याची होती. शेजारी म्हणजे पायलट.

पायलट हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी आयुष्यात विमानप्रवास एकदाच केला होता, पण तो अजून संपलेला नव्हता. त्या प्रवासात त्यांना विमानाच्या पुढच्या खोलीत डोकावू दिलं होतं. तेव्हापासून पंखा, लिफ्ट, हवामान आणि आता रॉकेट या सगळ्या विषयांत त्यांचा शब्द अखेरचा असे. ते रोज संध्याकाळी येत, नकाशेसाहेबांच्या खुर्चीवर बसत आणि पाय लांब करून सल्ले देत.

"नाक थोडं खाली घ्या."

"उभं उडणार आहे ते. खाली काय घ्यायचं?"

"मी आपलं सांगितलं. आमच्या विमानाचं नाक खाली होतं."

"तुमचं विमान जमिनीवर उभं होतं तेव्हा."

"मग रंग तरी पांढरा द्या," पायलट म्हणाले. रंग पांढरा दिला, कारण घरात तोच उरला होता. पायलटांनी मात्र अख्ख्या इमारतीत सांगितलं, की रंगसंगती आपली.

अडलं ते परवानगीपाशी. नकाशेसाहेबांना वाटलं, आपण त्याच कचेरीतले, दोन मजले चढून गेलो की काम झालं. परवाना विभागातल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "रांगेत या." नकाशेसाहेब म्हणाले, "मी खालच्या ड्रेनेजमधला." कारकून म्हणाला, "मग जिन्यावरून उतरून पुन्हा रांगेत या." रांगेत आल्यावर त्यांचा नकाशा परत आला, कारण डाव्या बाजूला समास सोडला नव्हता. गेली कित्येक वर्षं नकाशेसाहेब स्वतः वरून आलेले नकाशे याच कारणाने परत पाठवत आले होते. हा नियम इतका झोंबतो याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी समास सोडून नवा नकाशा काढला. तो पहिल्यापेक्षा मोठा झाला.

"यात रॉकेट बसत नाही," कारकून अर्ज चाळत म्हणाला. "आकाशात सोडायच्या वस्तू म्हणजे फुगा, पतंग, जाहिरातीचा फलक आणि इतर."

"मग इतर लिहा."

"इतरला समिती बसते."

"कधी बसते?"

"अजून बसलेली नाही."

नकाशेसाहेब घरी आले, पायलटांशी बोलले, आणि ही एकच वेळ की पायलटांचा सल्ला कामाला आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्जात 'फुगा' असं लिहिलं. परवाना हातोहात मिळाला. फुग्याच्या अटी मागे छापल्या होत्या. फुगा जमिनीला दोरीने बांधलेला असावा, आणि अग्निशमन दलाचा एक जवान हजर असावा. त्या अटी नकाशेसाहेबांनी वाचल्या नाहीत. सरकारी कागदाच्या मागच्या बाजूला काही असतं हे सरकारी माणसाला कसं सुचणार?

रॉकेट तयार झालं तेव्हा हॉल संपला होता. तीन टप्पे एकमेकांवर बसवून उभं केलं की नाक छताला टेकायचं, म्हणून ते पंख्याशेजारी तिरकं ठेवावं लागे. पाहुणे आले की त्यांना रॉकेटाखालून वाकून यावं लागे. येणारा प्रत्येक जण वाकतोय, हे नकाशेसाहेबांना मनातून आवडत होतं.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. बिघडलं ते पायलटांच्या एका हाताने. पायलटांनी जाता जाता रॉकेटाला टेकून चप्पल घातली, आणि रॉकेट हललं. सबंध नाही, सांध्यात. खालच्या टप्प्यावर मधला टप्पा नुसताच बसवलेला होता, तसाच तो बसवायचा होता. पण पायलटांनी तो दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, हे हलतंय हो."

"हलायलाच हवं. ते सुटणार आहे."

"तसं असेल," पायलट म्हणाले. "पण तुमचा सांधा, आणि हलतोय. बघायला विचित्र वाटतं एवढंच."

झालं. पायलट घरी जाऊन निवांत झोपले असतील, पण नकाशेसाहेबांना दुसरं काही सुचेना. जेवताना त्यांचं लक्ष रॉकेटाकडे. हात धुताना रॉकेटाकडे. त्या दोन सांध्यांच्या फटी त्यांना आता एवढ्या मोठ्या दिसू लागल्या, की त्यांतून मांजर जाईल. खात्यातल्या एखाद्या पोराने असा सांधा आणून दाखवला असता तर? त्याला पाइपासकट परत पाठवला असता. दुसऱ्या दिवशी बाई शाळेत होत्या तेव्हा त्यांनी पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा काढला. फक्त एक बोट लावायचं, असं ठरवलं होतं. सांधा हलणार नाही एवढंच. इंजिनाचा जोर केवढा, तो हे एवढंसं सहज तोडेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

आता, सांध्याला एका ठिकाणी सोल्युशन लावून दुसरी बाजू कोरडी सोडणं हे त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं. एक बोट लावलं, मग ते सगळीकडून सारखं केलं. एक सांधा केला, मग दुसऱ्यावर अन्याय नको म्हणून तोही केला. वाळल्यावर दुसरा हात मारला, कारण दुसरा हात मारल्याशिवाय त्यांनी आयुष्यात सांधा सोडला नव्हता. शेवटी सवयीने कोरडं बोट फिरवलं आणि सांधा पास केला. मग खुर्चीत बसून जरा वेळ रॉकेटाकडे पाहत राहिले. कालपासून पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या, पर्स ठेवली, हॉलमध्ये क्षणभर थांबल्या आणि खिडकी उघडली. "किती कोंदट झालंय," एवढंच म्हणाल्या.

प्रदर्शनाच्या सकाळी रॉकेट खाली न्यायचं होतं. टेम्पो दारात उभा. नकाशेसाहेबांनी हॉलचं माप घेतलं होतं, छताचं घेतलं होतं, टेम्पोचंसुद्धा घेतलं होतं. जिन्याच्या वळणाचं माप घ्यायचं राहिलं. रॉकेट वळणावर असं अडकलं, की वरचे लोक वर आणि खालचे खाली. दूधवाला मध्ये सापडला.

"अहो, तीन तुकडे करा की," पायलट वरून म्हणाले. "तुम्हीच म्हणत होता ना, सुटतं म्हणून."

नकाशेसाहेबांचा चेहरा रंगापेक्षा पांढरा पडला. "आता त्याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "ते आता जुळलेलं आहे." त्यांनी चोरून बाईंकडे पाहिलं. बाई दूधवाल्याची किटली रॉकेटाखालून ओढून घेत होत्या. त्यांनी ऐकलं नसावं असं वाटून नकाशेसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

शेवटी रॉकेट परत वर नेऊन गॅलरीतून दोरांनी खाली सोडलं. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. खुर्चीतल्या माणसाचा जबडा नुकताच उघडला होता. त्याला खिडकीबाहेर आधी पांढरे पंख उतरताना दिसले, मग बराच वेळ अंग, मग नाक. डॉक्टरीणबाई पुढे कुणालाही सांगत, की एवढा मोठा आ मी माझ्या प्रॅक्टिसमध्ये पाहिला नाही, अक्कलदाढ आरामात निघाली.

मैदानावर सगळी तयारी चोख होती. त्या बाबतीत बाईंना कुणी नाव ठेवू शकत नसे. पाचवी, सहावी आणि सातवी असे तीन वर्ग तीन चादरी घेऊन उभे होते. एकेका वर्गाने एकेक टप्पा झेलायचा असं ठरलेलं. सकाळी मात्र बाईंनी मुलांसाठी बांधलेली दोरी बरीच मागे, थेट भिंतीपाशी नेली होती आणि बजावलं होतं, "शिट्टीशिवाय एकही पाऊल आत नाही." टप्पे झेलायचे तर भिंतीपाशी कशाला, असं नकाशेसाहेबांच्या मनात आलं. पण तेव्हाच अध्यक्ष आले, आणि त्यांच्या मागोमाग परवाना विभागाने पाठवलेला, पितळी हेल्मेट घातलेला अग्निशमन दलाचा जवान.

"फुगा कुठाय?" जवानाने विचारलं.

"हा काय," नकाशेसाहेब म्हणाले.

जवानाने रॉकेटाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग परवान्याकडे पाहिलं. मग परवाना उलटा करून मागची बाजू वाचली. "फुगा म्हटलंय, म्हणजे फुगाच असणार," तो म्हणाला. "मला वाद घालायचा नाही. पण दोरी कुठाय?"

अर्धा तास दोरीवर गेला. नकाशेसाहेबांनी त्याला गुरुत्वाकर्षण समजावलं, त्याने नकाशेसाहेबांना अट समजावली. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे काम पुढे सरकेना. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं. बाईंनी शिवणाच्या वर्गातून दोऱ्याचं रीळ मागवलं, एक टोक रॉकेटाच्या पंखाला बांधलं आणि रीळ जवानाच्या हातात दिलं. जवानाने दोरा ओढून पाहिला. "बांधलेला आहे," असं म्हणून तो दोन्ही हातांत रीळ धरून उभा राहिला.

उलटे आकडे मोजायचा मान अध्यक्षांना दिला. ते म्हणाले, "मी धंद्यात उलटं मोजत नाही." मग मुलांनीच मोजले. नकाशेसाहेबांनी बटण दाबलं. त्या क्षणी त्यांच्या मनात रॉकेट नव्हतं, बाईंच्या पाटीवरचा तो एक शब्द होता, आणि आपण सोल्युशनचा दुसरा हात कशाला मारला, हा विचार होता. पण बटण दाबून झालं होतं.

रॉकेट उडालं, आणि काय उडालं! पांढऱ्या धुराचा लोट, मोठा आवाज, आणि ते सरळ वर. अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. पायलट ओरडले, "नाक वर आहे!" नकाशेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणत धुरामुळे. पहिलं इंजिन संपलं. बाई माइकवर म्हणाल्या, "आता पहिला टप्पा सुटेल." पाचवीने भिंतीपाशी चादर ताणली.

टप्पा सुटला नाही. आत मधलं इंजिन पेटलं, पण खालचा टप्पा गेला नव्हता, त्यामुळे त्याचा जोर बंद नळीतच घुसमटला. रॉकेटाने उंचावर एक खोकल्यासारखा आवाज काढला, थोडा काळा धूर सोडला, जागेवर थबकलं आणि हळूच नाक खाली केलं. पायलटांना हवं होतं तेवढं. मग ते आलं तसं, अखंड, तिन्ही टप्प्यांसकट खाली आलं, आणि मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, लांब उडीच्या वाळूत, नाकावर उभं राहिलं. हललंसुद्धा नाही.

जवानाने तुटलेला दोरा रिळाला गुंडाळला. "दोरी तुटली," तो म्हणाला. "फुग्याचं काम तिथे संपतं." मग बादली घेऊन तो वाळूकडे गेला आणि उरलेलं इंजिन पेटू नये म्हणून सगळ्यावर पाणी ओतलं.

नकाशेसाहेब त्याच्या मागोमाग गेले. कसे गेले, त्यांना कळलं नाही. लोक बघतायत, अध्यक्ष बघतायत, बायको बघतेय, सगळं ठाऊक असूनही त्यांचा हात आपोआप पुढे झाला आणि त्यांनी दोन्ही सांध्यांवरून बोट फिरवलं. खालून वर फुटलेलं, काळं पडलेलं रॉकेट, पण सांधे जागच्या जागी. एक रेघसुद्धा उमटली नव्हती. आयुष्यातला इतका चांगला सांधा, आणि त्याने बायकोची खुर्ची घालवली होती. त्यांना रडू येईल असं वाटलं.

अध्यक्ष मागे येऊन उभे होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

बाई तोपर्यंत माइक घेऊन तिथे आल्या होत्या. त्या अध्यक्षांकडे वळल्या नाहीत, मुलांकडे वळल्या. शिट्टी वाजवून त्यांनी तिन्ही वर्गांना वाळूभोवती गोल उभं केलं. "काय झालं ते कोण सांगेल?"

इतके हात वर आले, की चादरी खाली पडल्या. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, रिकामा टप्पा सुटायला हवा होता. तो सुटला नाही, म्हणून वरच्याला त्याचं ओझं झालं." सहावीतल्या एकाने वाळूत आकृती काढून वायू कुठून बाहेर जातो आणि कुठे कोंडला ते दाखवलं. सातवीतली एक म्हणाली, सांधा सैल असता तर मधल्या इंजिनाच्या धक्क्यानेच तो सुटला असता. मग अध्यक्ष प्रश्न विचारू लागले. आधी एक, मग दुसरा, मग ते स्वतःच उकिडवे बसले आणि आकृतीत बोट घालून विचारू लागले. मुलं उत्तरं देत होती. एकदा तर त्यांनी अध्यक्षांचंच चुकलं असं सांगितलं, आणि ते खरोखर चुकलं होतं.

अखेर अध्यक्ष गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि नकाशेसाहेबांकडे वळले. "एवढं सगळं या पोरांना ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं," नकाशेसाहेब म्हणाले. त्यांना खोटं सुचेना. "पण सांधा हलत होता. तो मला बघवेना."

अध्यक्षांनी एकदा त्या सांध्याकडे पाहिलं, आणि मग ते हसले. शिपाई पुढे म्हणाला, की त्यांचे सगळे दात आपण प्रथमच पाहिले. "बाई," ते म्हणाले, "तुमची सगळी मुलं पास झाली. घरचा एक विद्यार्थी तेवढा राहिला. सोमवारपासून पाटीवरचा तो शब्द काढून टाका. फक्त एक अट आहे. पुढच्या प्रदर्शनाला हे गृहस्थ..."

"मान्य आहे," बाई म्हणाल्या.

"मी अजून अट सांगितली नाही."

"तरी मान्य आहे."

घरी जाताना नकाशेसाहेब स्कूटर चालवत होते आणि बाई मागे बसल्या होत्या. आनंद झालाच होता, पण मान-अपमानाचंही काही असतं की नाही? वाटेत त्यांनी मान जराशी मागे वळवली. मग म्हणाले, "पोरांनी बाकी पटापट उत्तरं दिली."

"देणारच. परवा संध्याकाळी घरात शिरल्याबरोबर सोल्युशनचा वास आला मला," बाई म्हणाल्या. "काल दिवसभर सगळ्या वर्गांत तेवढंच शिकवलं. टप्पा सुटला नाही तर काय होईल."

नकाशेसाहेबांनी स्कूटर बाजूला घेऊन थांबवली आणि मागे वळून पाहिलं. "म्हणजे तुला माहीत होतं? आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ते सोडवत बसला असता. मग एखादा सांधा सुटला असता, एखादा नसता सुटला, आणि मला काय शिकवायचं ते कळलं नसतं."

"आणि समज, सुटला असता तर? अध्यक्षांसमोर सगळ्या पोरांची उत्तरं चुकली असती. एवढी खुर्ची पणाला लावून तू..."

"अहो, तुमचा सांधा," बाई म्हणाल्या. "तो कसा सुटेल?"

रागवावं असं नकाशेसाहेबांनी ठरवलं होतं, पण तेवढ्यात छाती फुगली ती फुगलीच. मग त्यांनी स्कूटर सुरू केली आणि लांबच्या रस्त्याने घरी नेली.